चुकणारा हात

'माणूस आहे, चुकायचाच' हे वाक्य आपण दोन अगदी भिन्न प्रसंगी उच्चारतो. कधी ते क्षमा करताना ओठांवर येते, तर कधी आरोप ठेवताना. घरात कुणाच्या हातून दूध उतू गेले की त्यात क्षमा असते. कारखान्यात कुणाचा हात यंत्रात सापडला की त्याच वाक्याचे चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे रूपांतर होते, खाली सही पडते आणि कागद दप्तरात जातो. गेल्या काही दशकांत या जुन्या कागदाला एक सुसंस्कृत जोड मिळाली आहे. अपघातांचे मूळ कामगाराच्या वर्तनात आहे, तेव्हा त्याचे वर्तन सुधारा म्हणजे अपघात आपोआप कमी होतील, असा एक विचार जगभरच्या उद्योगांत मान्यता पावला आहे. त्यासाठी निरीक्षणाच्या पत्रिका निघतात, फलक लागतात, शपथा होतात, बक्षिसे वाटली जातात. हा विचार सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यात तथ्य किती आणि अन्याय किती, हे एकदा निवांतपणे तपासून पाहावे असे आम्हांस वाटते. कारण दुसऱ्याचे आचरण सुधारावयास निघणे ही गोष्ट सकृद्दर्शनी जितकी निरुपद्रवी दिसते तितकी ती नसते.

या विचारासाठी फार दूर जावयास नको. जयपूरच्या दक्षिणेस टोंक रस्त्यावर दुर्गापुरा आहे. एकेकाळचे हे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे, तरी त्याच्या दोन खुणा टिकून आहेत: सवाई माधोपूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे रेल्वे स्टेशन आणि राजस्थानची कृषी-संशोधन संस्था. ('दुर्गापुरा मधु' हे खरबूज ज्याने खाल्ले आहे त्याला या संस्थेची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.) याच रस्त्याने आणखी दक्षिणेस गेले की कापड छापणाऱ्यांचे सांगानेर लागते आणि त्याच्याही पुढे सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत. शेत, रूळ आणि कारखाना असे माणसाच्या श्रमाचे तीन प्रकार या एका रस्त्यावर ओळीने भेटतात. आमच्या प्रश्नाला या तिघांकडून तीन वेगळी उत्तरे मिळतात.

आधी कारखान्याकडे वळू. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुऱ्यातील इंडियन ऑइल कंपनीच्या साठवण-आगारात एका टाकीतून शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या आगाराकडे पेट्रोल पाठवावयाचे होते. अशा कामी नळाच्या मार्गावरील झडपा ठरावीक क्रमाने उघडाव्या लागतात. त्यांपैकी 'हॅमर ब्लाइंड' नावाच्या झडपेची रचना अशी होती, की तिची पट्टी बदलताना नळाचा माथा चांगलाच उघडा पडे. त्या वेळी टाकीजवळची मोटारीवर चालणारी झडप बंद असलीच पाहिजे. त्या संध्याकाळी ती बंद नव्हती. उघड्या माथ्यातून पेट्रोलचे कारंजे उसळले आणि सुमारे सव्वा तास उसळत राहिले. चौकशी-समितीच्या अंदाजाप्रमाणे एक हजार टनांच्या आसपास पेट्रोल बाहेर पडले. त्याचे बाष्प निवांत हवेत जमिनीलगत पसरत गेले आणि साडेसातच्या सुमारास कुठल्याशा ठिणगीने पेटले. अकरा माणसे गेली. दूरवरच्या इमारतींची तावदाने फुटली, लाखो लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले, आणि टाक्या आठवडा उलटला तरी जळतच होत्या. जे आहे ते जळून जाऊ द्यावे, याखेरीज तेथे मनुष्याच्या हाती उपाय उरला नव्हता.

एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मूळ कारण म्हणून प्रथम जे नोंदविले ते वर्तनाचेच: नेहमीची सुरक्षित कार्यपद्धती पाळली गेली नाही, झडपांचा क्रम चुकला. येथे कुणी म्हणेल, की मग प्रश्न मिटला. माणसे चुकली, त्यांना शिकवा. परंतु त्याच समितीने त्याच दमात आणखीही काही सांगितले. ज्या रचनेत इतके मोठे भगदाड उघडे पडू शकते अशी झडप तेथे वापरात होती. धोक्याच्या वेळी दूरच्या नियंत्रण-कक्षातून टाकीची झडप बंद करता यावी अशी योजना मुळात होती, पण ती कित्येक वर्षे निकामी होऊन पडली होती. पाळीवर नेमलेल्यांपैकी एक जण जागेवर नव्हता. आणि बाष्पात शिरावयाचे तर श्वसनाचे जे साधन अंगावर चढवावे लागते, ते चढवून वेळेत आत जाऊन झडप बंद करणारा कुणी निघाला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो एकट्या कर्त्यालाच कारण समजतो त्याला नीट दिसत नाही, असाही अभिप्राय तेथे आहे. तो उपदेश अर्थातच अहंकार घालविण्यासाठी केलेला आहे, कारखान्याच्या चौकशीसाठी नव्हे. तथापि अपघाताचे पुढ्यात आलेले कागद वाचताना आम्हांस त्याची वारंवार आठवण होते. सीतापुऱ्याचे आगार हे अधिष्ठान. ती घातकी झडप हे करण. क्रम चुकणे ही चेष्टा. आणि त्या संध्याकाळी वारा पडलेला असणे, यास हवे तर दैव म्हणावे. या पाचांमध्ये कर्ता एक. परंतु आपल्या चौकशीला पाच बोटांपैकी तेच एक दिसते, कारण त्याला नाव असते, त्याला निलंबित करता येते, आणि पुष्कळदा तो मेलेला असल्यामुळे उत्तर देऊ शकत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आमची परंपरा जुनीच आहे. येथे फरक इतकाच, की संन्याशाला सुळी आधीच मिळालेली असते.

कर्त्यावर बोट ठेवण्याच्या या सवयीला अंकगणिताचा आधारही लाभलेला आहे. अमेरिकेतील एका विमा कंपनीत नोकरीस असलेल्या हाइन्रिख नामक गृहस्थाने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पंचाहत्तर हजार अपघातांच्या नोंदी पाहून त्याने असे अनुमान काढले, की शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे घडतात, दहा असुरक्षित परिस्थितीमुळे, आणि उरलेले दोन टाळता न येणारे. हा अठ्ठ्याऐंशीचा आकडा पुढे मंत्रासारखा जपला गेला. परंतु त्या नोंदी होत्या कुणाच्या? विम्याच्या दाव्यांच्या आणि कारखानदारांच्या दप्तरांतल्या. ज्या कागदावर मुकादम लिहितो त्या कागदावर मुकादमाचा दोष सापडणे कठीण. शिवाय प्रत्येक अपघातास एकच कारण नेमून देण्याची ही रीत सीतापुऱ्याला लावली, तर अकरा माणसांचा मृत्यू 'असुरक्षित कृती' या रकान्यात जाईल आणि ती झडप निर्दोष सुटेल.

तरीसुद्धा एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. वर्तन ही वस्तू खरी आहे, आणि कामगाराच्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण तिच्याकडे जाणूनबुजून पाठ फिरवितात, तेही योग्य नव्हे. कसबी मनुष्याचे कसब म्हणजे तरी काय? बुद्धीने शिकलेली गोष्ट हातात उतरणे. नवशिका सुतार करवतीकडे भीतीने पाहतो. दहा वर्षे मुरलेला सुतार गिऱ्हाइकाशी गप्पा मारत लाकूड कापतो. हातात उतरलेल्या या ज्ञानामुळेच काम झपाट्याने होते, आणि नेमक्या त्याच वाटेने धोकाही आत शिरतो. अतिपरिचयाने अवज्ञा होते असे जे सुभाषितकार म्हणतात ते माणसांइतकेच विस्तवालाही लागू आहे. शंभर वेळा क्रम मोडून काही बिघडले नाही, की एकशे-एकाव्या वेळी क्रम मोडणे हाच क्रम होऊन बसतो. अशा वेळी सवयीला जागे करणारे काहीतरी हवे असते, आणि ते यंत्रापेक्षा माणसानेच करावे लागते.

याचे आम्हांस सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण रेल्वेच्या इंजिनात पाहावयास मिळते. चालक आणि सहचालक पुढचा सिग्नल दिसताच तो कोणत्या रंगाचा आहे हे हात करून एकमेकांस मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत हीच रीत बोट दाखवून उच्चारण्याच्या रूपाने चालत आली आहे. डोळ्याने पाहिलेले वाणीने उच्चारावयाचे, म्हणजे मनाला डुलकी काढण्यास फट राहत नाही. हेही वर्तन बदलणेच आहे. परंतु त्यात कुणी कुणावर पाळत ठेवीत नाही. दोघे एकाच गाडीत बसलेले असतात आणि सिग्नल चुकला तर दोघांचेही एकच होणार असते. म्हणून सहचालकाने मोठ्याने उच्चारलेला 'हिरवा' चालकाला अपमानाचा वाटत नाही.

या समभागीपणाचा अभाव असला म्हणजे काय होते, ते कारखान्यांतील नव्या योजनांत दिसते. साम, दाम, दंड आणि भेद हे चारही जुने उपाय तेथे नव्या पोशाखात हजर असतात. दंड सर्वांच्या परिचयाचा आहे. दामाची गोष्ट मौजेची आहे: 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक दारावर लावतात आणि आकडा वाढला की सर्व तुकडीस बक्षीस देतात. मग ज्याचे बोट ठेचले तो ते खिशात लपवितो, कारण त्याच्या एका बोटापायी वीस सोबत्यांचे बक्षीस बुडणार असते. आकडा वाढत राहतो. भेद त्याहून सूक्ष्म. सोबत्याने सोबत्यावर नजर ठेवावयाची आणि त्याच्या चुका पत्रिकेवर टिपावयाच्या. नाव लिहावयाचे नाही असे आश्वासन असते, परंतु पाच माणसांच्या तुकडीत नाव न लिहिल्याने कुणाचे नाव झाकते? उरला साम. कामगाराजवळ बसून 'तू हे असे का करतोस?' असे विचारणे आणि उत्तर ऐकणे. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तरी तो सर्वांत क्वचित योजिला जातो. कारण उत्तर ऐकले की ऐकणाऱ्यावरच काही करण्याची पाळी येते. 'जाळी लावली तर दिवसाचे नग पुरे होत नाहीत' असे त्याने सांगितले, तर आता कुणाचे वर्तन सुधारावयाचे?

रेल्वेनेच या प्रश्नाचे दुसरेही एक उत्तर फार पूर्वी काढून ठेविले आहे. स्टेशनात सांधा एका मार्गाला लावलेला असताना दुसऱ्या मार्गाचा सिग्नल पाडता येऊ नये, यासाठी खटके एकमेकांत असे अडकविलेले असतात, की आधीचा खटका योग्य जागी आल्याखेरीज पुढचा हलतच नाही. सांधेवाला झोपेत असो, घाईत असो की रागात असो, चुकीचा क्रम त्याच्या हातून घडू शकत नाही. एकेरी मार्गावर गोळ्याची पद्धत होती तीही याच जातीची. चालकाच्या हाती लोखंडी गोळा आल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जावयाची नाही, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून निघे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखाच्या झडपांऐवजी चाकेच आत ओढून घेत, आणि विमान पोटावर बसे. दोन्ही खटके शेजारी आणि दिसावयास सारखे होते. 'वैमानिकाची चूक' म्हणून गणल्या गेलेल्या या प्रकारावर अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उपाय सुचविला तो असा, की चाकाच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ बसवावी. वैमानिकांस कुणी व्याख्यान दिले नाही. सीतापुऱ्यापासून काही कोसांवरून जाणाऱ्या रुळांना जे तत्त्व ठाऊक होते, ते आगारातील झडपांना लागू असते, तर आधीची झडप उघडी असताना पुढची उघडलीच नसती.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सारी सावधगिरी यंत्रात भरली की माणूस निर्बुद्ध होईल, असे काही विचारवंत म्हणतात. चुकण्याचे स्वातंत्र्यच काढून घेतले तर बरोबर वागण्यात पुण्य ते काय राहिले? हा आक्षेप दुरून ऐकावयास फार उदात्त वाटतो. परंतु विहिरीला कठडा बांधला म्हणून पाणी भरणाऱ्या बाईचे कोणते स्वातंत्र्य कमी झाले? तिला आता तोल सांभाळण्यात मन घालावे लागत नाही, म्हणून ती गाणे म्हणू शकते. ज्याला दिवसातून चारशे वेळा आपल्या बोटांची चिंता वाहावी लागते, त्याची बुद्धी त्या चिंतेतच खर्ची पडते. कठड्याविना विहिरीवर सद्गुणाची परीक्षा घेणारे लोक स्वतः नळाचे पाणी पितात, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता शेताकडे. दुर्गापुऱ्याच्या संशोधन-क्षेत्रावर जे गहू आणि जव निवडले जातात, ते राजस्थानच्या खळ्यांवर मळणीयंत्रातून निघतात. आणि मळणीयंत्राने उत्तर हिंदुस्थानात जितके हात खाल्ले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या अवजाराने खाल्ले असतील. म्हणूनच १९८३ साली संसदेस 'धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा' करावा लागला, आणि त्याचा मुख्य रोख मळणीयंत्रावरच होता. धान्याची पेंढी आत सरकविण्याची पन्हळ लांब असावी व तिचा आतला भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात फिरत्या ढोलापर्यंत पोहोचणारच नाही, असे मानकात सांगितलेले आहे. त्याखेरीज सूचनाही असतात: सैल वस्त्रे नेसू नका, नशापाणी करू नका, थकला असाल तर काम करू नका. या सूचना योग्यच आहेत. पण वैशाखाच्या उन्हात दिवसा काम निभत नाही म्हणून, किंवा शेताला वीज रात्रीच मिळते म्हणून, मळणी रात्री चालते. यंत्र तासाच्या भाड्याने आणलेले असते. वळवाचे ढग दिसू लागलेले असतात. ओढणी हे राजस्थानातील बाईचे वस्त्र आहे, तिची अब्रूही त्याच वस्त्रात आहे. ती ओढणी उघड्या पट्ट्यात गुंतून डोक्याच्या त्वचेसकट ओढली गेली, तर 'सैल वस्त्र' या शब्दांनी आपण नक्की काय सांगितले? पट्ट्याला जाळी बसविणे सोपे, की एका प्रदेशाच्या स्त्रियांचा पेहराव बदलणे? आणि जेथे पन्हळ नीट असते तेथेही, ती लांब पन्हळ पेंढ्या सावकाश घेते म्हणून गावच्या लोहाराकडून कापून आखूड करून घेण्याचे प्रकार घडतात. कापावयास सांगणारा मालक असतो, मशिनीच्या तोंडाशी उभा राहणारा मजूर असतो.

जयपूरने जगाला कृत्रिम पाय दिला. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून तो घडविला. पुढे १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली, आणि तो गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचू लागला. अनवाणी चालता यावे, शेतात उतरता यावे, उकिडवे बसता यावे, हे सारे त्यात आहे. त्या कारागिराने अपंगाला 'तू आता बूट घालावयास शीक' असे सांगितले नाही. माणूस जसा राहतो तसा धरून त्याने पायच निराळा केला. दुर्दैवाने पाय गमावल्यानंतर जी दृष्टी आपण दाखविली, ती पाय शाबूत असताना दाखविणे आपणांस जमलेले नाही.

मराठी वाचकांस येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचे जे निवेदन तयार केले, त्यातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यास एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेस मर्यादा, पगार वेळेवर, आणि गिरणीत जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय. सुरक्षिततेचे शास्त्र तेव्हा जन्मले नव्हते. परंतु या पाच मागण्यांपैकी तीन थकव्याविरुद्ध आहेत, आणि थकलेला हात चुकतो हे जाणण्यास त्या माणसांना कोणत्याही आकड्यांची गरज नव्हती. वर्तन सुधारण्याची ही योजना कामगारांनी स्वतः मांडलेली होती. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडावे लागले.

कुणाचे वर्तन, हा प्रश्न मालकाने स्वतःस विचारल्याचेही एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत १८०२ साली स्थापन झालेल्या द्यू पाँ घराण्याच्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्यात असा नियम होता, की नवी किंवा पुन्हा उभारलेली गिरणी मालकांपैकी अथवा वरिष्ठांपैकी कुणीतरी स्वतः चालवून दाखविल्याखेरीज कामगाराने तीत पाऊल टाकावयाचे नाही. मालकांची घरेही कारखान्याच्या जवळच होती. पुढे याच कंपनीने सुरक्षित वर्तनाचे पाठ जगाला विकले, आणि त्या पाठांत कामगाराच्या चुका टिपण्याची कला पुष्कळ होती. आम्हांस जुना नियम अधिक मोलाचा वाटतो. सीतापुऱ्यातील ती दूरनियंत्रणाची कळ दुरुस्त न करण्याचा निर्णयही कुणाचे तरी वर्तनच होते. ते वर्षानुवर्षे, रोज, शांतपणे घडत होते. त्यावर पत्रिका भरणारा निरीक्षक मात्र कुणी नेमलेला नव्हता.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाने कायद्यात जी कलमे घातली गेली त्यांत एक महत्त्वाचे होते: जिवावरचे संकट ओढवणार असे वाटल्यास ते वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा कामगारास हक्क आहे. खरे म्हणजे सुरक्षित वर्तनाचा हाच कळस. 'हे मी करणार नाही, आधी ते नीट करा', असे शांतपणे म्हणता येणे. परंतु कायमच्या नोकरीतला मनुष्य हे म्हणेल; ठेकेदाराच्या माणसाने म्हटले तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो. त्याला धैर्याचे पाठ देणाऱ्यांनी त्या पाठाबरोबर उद्याची मजुरीही देण्याची तयारी ठेवावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तो या साऱ्या प्रश्नातला सर्वांत कठीण आहे. सीतापुऱ्यात पेट्रोलचे कारंजे उसळले तेव्हा झडपेजवळचा पहिला मनुष्य बाष्पाने हतबल झाला. त्याला सोडविण्यास दुसरा धावला, आणि तोही गुदमरला. मग पाळीचा अधिकारी गेला, आणि अर्धवट शुद्धीत कसाबसा बाहेर आला. नियमाच्या भाषेत श्वसनाचे साधन न लावता आत जाणे ही असुरक्षित कृतीच. आपल्या शहरांत गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत हेच वर्षानुवर्षे घडत आले आहे. एक उतरतो, त्याचा आवाज येत नाही, दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. पुष्कळदा भाऊ, पुष्कळदा मुलगा. २०१३ सालच्या कायद्याने अशा रीतीने माणूस आत उतरविण्यास बंदी केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. माणसे तरी उतरतच आहेत.

या दुसऱ्या माणसाला आपण काय शिकवावयाचे? धावू नकोस, हे शिकविता येते आणि शिकविले पाहिजे. कारण तो धावल्याने पहिला वाचत नाही, फक्त प्रेते दोन होतात. परंतु सोबत्याला तडफडताना पाहूनही जो सहज थांबू शकतो असा माणूस घडविणे हे ज्या शिक्षणाचे ध्येय असेल, ते शिक्षण आमच्या मनाला पटत नाही. त्याच्या पायांना जी ओढ लागली ती दोष म्हणून पुसून टाकण्याजोगी नव्हे. तिला वाट मात्र हवी. धावणारे पाय ज्या बाजूस वळतील त्याच बाजूस, वीस पावलांच्या आत, कुलपाबाहेर, चालू स्थितीत ते श्वसनाचे साधन टांगलेले असले, तर धावणारा मनुष्य ते घेऊन आत जाईल. नेहमीच्या कवाइतीत ते चढविण्याची सवय त्याच्या हातांना झालेली असली, तर त्या भीषण घटकेस त्याला विचारही करावा लागणार नाही. ते साधन नेमके कुठे टांगावे, हे त्या आवारात रात्रपाळी केलेल्या माणसाला ठाऊक असते. नकाशा आखणाऱ्याने एक संध्याकाळ त्याच्याबरोबर टाक्यांमधून चालत जावे आणि त्याला विचारावे.